पाण्याची ओढ

नाशकात गोदावरीचा पूर मारुतीवर मोजतात. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं याचे आकडे हल्ली तासातासाला मोबाइलवर येतात, तरी परगावी असलेला नाशिककर घरी फोन करून विचारतो ते एवढंच, 'मारुतीला कुठवर आलं?' पोटऱ्या, गुडघे, कंबर, छाती, गळा अशी ही मोजपट्टी चढत जाते. मारुतीच्या डोक्यावरून पाणी जायला लागलं की सराफ बाजारातल्या दुकानदारांची धावपळ सुरू होते. त्याच्याही वर एक खूण आहे, नारोशंकराच्या देवळाची घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ती आठवण. १९६९ च्या महापुरात पाणी या घंटेला लागलं होतं, असं जुने लोक सांगतात.

एकाच वर्षात ही मोजपट्टी दोन्ही टोकांना गेलेली मी पाहिली, २०१६ साली. एप्रिलात, ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास रामकुंड कोरडं पडलं. सिंहस्थ होऊन वर्षही उलटलं नव्हतं. आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरात ज्या कुंडात लाखो लोकांनी पर्वणीचं स्नान केलं, त्याचा तळ उघडा पडला होता. १३९ वर्षांत असं प्रथमच घडतंय, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. आणि त्याच साली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, त्याच जागी, मारुती दिसेनासा व्हायची वेळ आली.

१३९ वर्षं मागे गेलं की १८७७ येतं. दख्खनच्या त्या मोठ्या दुष्काळाचं साल. १८७७ आणि २०१५-१६, दोन्ही वेळा नाशिकपासून अर्ध्या पृथ्वीवर असलेल्या समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं. त्या तापण्याचं नाव आता आपल्या बाजार समितीत, चहाच्या टपरीवर, कृषी केंद्राच्या काउंटरवर रोज ऐकू येतं. शब्द इतका रुळला आहे, पण तो आला कुठून आणि त्याच्या पोटात काय आहे, हे विचारायला कोणी थांबत नाही.

'एल निनो' हे स्पॅनिश. 'एल' हे त्या भाषेतलं पुल्लिंगी उपपद आणि 'निनो' म्हणजे लहान मुलगा. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पायता नावाचं बंदर आहे. तिथला समुद्र विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही थंडगार असतो. डिसेंबर संपत आला की उत्तरेकडून एक कोमट प्रवाह किनाऱ्याला लागून खाली उतरतो, हे तिथल्या मच्छिमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. दिवस येशूच्या जन्माचे, म्हणून त्यांनी त्याला बाळाचा प्रवाह म्हटलं. कामिलो कारिल्यो नावाच्या कप्तानानं १८९२ मध्ये लिमाच्या भूगोल संस्थेपुढे हे नाव मांडलं आणि कोळ्यांच्या तोंडचा शब्द पुस्तकात गेला. गोकुळाष्टमीच्या सुमारास येणाऱ्या सरींना आपल्याकडे कोणी बाळकृष्णाच्या सरी म्हणावं, तशातलंच हे नाव. त्यात भीती नव्हती. बहुतेक वर्षी तो प्रवाह थोडा वेळ राहून निघून जायचा. काही वर्षांनी एकदा मात्र हे बाळ घर सोडायला तयार नसे, महिनोन्‌महिने मुक्काम करी. मग मासळी नाहीशी होई आणि वाळवंटात मुसळधार पाऊस पडे. पुढे शास्त्रज्ञांनी या मुक्कामी पाहुण्यालाच 'एल निनो' म्हणायला सुरुवात केली आणि दरवर्षीचं साधं बाळ मागे पडलं.

इथे मला आपल्या एका शब्दाची आठवण होते. ख्रिसमसला मराठी माणूस 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. मुळात लॅटिन, अर्थ जन्माचा दिवस. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. एकीनं आपल्याला चारशे वर्षांपूर्वी वसई-गोव्याच्या वाटेनं नाताळ दिला, दुसरीनं विसाव्या शतकात हवामानशास्त्राच्या वाटेनं त्या नाताळचं बाळ दिलं. नारोशंकराची घंटा वसईहून आली, तिच्याखालून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब सांगणारा शब्द पेरूहून.

उच्चाराबद्दलही सांगितलं पाहिजे. त्या स्पॅनिश शब्दातल्या शेवटच्या अक्षराचा व्यंजनवर्ण आपला 'न' नाही. तो आपला 'ञ' आहे. 'च छ ज झ ञ' म्हणून आपण लहानपणी घोकला आणि मग आयुष्यात कधी लिहिला नाही, तोच. 'पंचवटी' म्हणताना तो अनुस्वारात दडून रोज आपल्या तोंडी येतो. नाशिककर दिवसातून दहा वेळा तो वर्ण उच्चारतात. म्हणजे 'निञो' लिहिण्याची सोय देवनागरीत पहिल्यापासून आहे, फक्त आपण तिच्याकडे पाहिलं नाही. आता 'निनो' रुळला, राहू द्यावा. लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीनं मूळ फार चांगलं सांभाळलं. 'एल निनो आला', 'ला निना आली', असं कोणी न शिकवता लोक बरोबर बोलतात. फक्त 'एल निनोचं वादळ' असा प्रयोग कानावर येतो तेव्हा वाईट वाटतं. ते वादळ नाही. समुद्राच्या अंगात आलेली ती कसर आहे, महिनोन्‌महिने न उतरणारी.

ती येते कशी, हे समजून घेताना आणखी एक शब्द वाटेत उभा राहतो, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला 'व्यापारी वारे'. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पूर्वेकडून पश्चिमेकडे सतत वाहणारे हे वारे. शाळेत मी समजत होतो की व्यापाऱ्यांच्या जहाजांना उपयोगी म्हणून हे नाव. इंग्रजीतल्या 'ट्रेड' शब्दाचा जुना अर्थ मात्र वाट, मळलेला मार्ग. एका ठरल्या वाटेनं वाहणारे वारे, इतकंच त्यात होतं. व्यापार हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला आणि भाषांतर करणाऱ्यानं तोच उचलला. 'वाटेचे वारे' म्हटलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. कारण गोष्ट वाटेचीच आहे. हे वारे प्रशांत महासागराच्या पृष्ठावरचं तापलेलं पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला लोटत राहतात. इतकं लोटतात की तिकडची समुद्राची पातळी पेरूच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. पेरूकडे जी जागा मोकळी होते ती भरायला खालून थंड, अन्नद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं आणि त्यावर मासळी पोसते. काही वर्षं वारे ही वाट सोडतात, मंदावतात. मग लोटून ठेवलेलं ऊन पाणी पूर्वेकडे परत फिरतं. त्याच्या डोक्यावरचे ढग आणि पाऊसही त्याच्यामागून पूर्वेला सरकतात. आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली बसू लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत. दोन ते सात वर्षांनी कधीतरी हा फेरा येतो. आणि ज्या समुद्रात हे सगळं चालतं त्याचं नाव 'प्रशांत'. मॅगेलनला १५२० मध्ये तो शांत भेटला, म्हणून त्यानं ते ठेवलं.

१९७२ साली हे बाळ आलं, तेव्हा पेरूची अँकोव्हीची मासेमारी, त्या काळातली जगातली सर्वांत मोठी, कोसळली. त्याच साली महाराष्ट्रात बाहत्तरचा दुष्काळ. सिन्नरच्या माळावर खडी फोडणाऱ्या बाईला आणि पेरूच्या किनाऱ्यावर रिकामं जाळं ओढणाऱ्या माणसाला एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे त्या सालानं वेगळे शब्द ठेवले: सुकडी, मिलो, नालाबांध, रोजगार हमी. 'मिलो' ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या तोंडी हा शब्द अजून चवीसकट येतो. दुष्काळाला आपण नावं दिली ती अशी माणसांच्या बाजूनं. दुर्गादेवीचा दुष्काळ, दामाजीपंतांचा दुष्काळ, कवट्यांचा दुष्काळ. समुद्राला कोणी नाव दिलं नाही, कारण समुद्राशी या गोष्टीचा संबंध आहे हे कळायलाच विसावं शतक उजाडावं लागलं.

ते कळण्याची वाट भारतातून गेली. १८७७ च्या दुष्काळानं सरकारला पावसाचा अंदाज बांधायला भाग पाडलं. हेन्री ब्लॅनफोर्ड हे भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख. त्यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले, मूळचे गणिती. जगभरच्या ठाण्यांवरचे हवेच्या दाबाचे आकडे त्यांनी वर्षानुवर्षं जुळवले आणि त्यांना दिसलं की प्रशांत महासागरावर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलट. याला त्यांनी दिलेल्या नावाचं मराठी 'दक्षिणी दोलन'. त्या दोलनाची समुद्राच्या तापण्याशी गाठ घालून दाखवली ती १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी. वॉकर यांचं खातं सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला आलं आणि पुणेकर त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. मराठी बोलीत हवामानशास्त्राचा इतिहास असा एका बसथांब्याच्या नावात जपलेला आहे.

'दोलन' मूळ संस्कृत 'दोला'पासून, म्हणजे झोपाळा. डोलणं, डोली ही त्याच घरातली. आणि 'आंदोलन'सुद्धा. आंदोलन म्हणजे मुळात हिंदकळणं, पाळण्यासारखं मागेपुढे जाणं. चळवळ हा अर्थ मागाहून आला. २०२३ मध्ये मला हे दोन्ही शब्द एकाच आठवड्यात पेपरात भेटले. प्रशांत महासागरातलं दोलन एल निनोकडे कललं होतं आणि देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट चालला होता. त्याच महिन्यात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि लासलगावला लिलाव बंद पडले, आंदोलन सुरू झालं. शब्दकोशात दोन्ही एका पानावर नाहीत, पण धातू एकच आहे.

सारख्या ध्वनीचा मोह मात्र आवरावा लागतो. अरबीत 'मौसिम' म्हणजे खूण केलेला, ठरलेला काळ. तो आपल्याकडे 'मोसम' झाला आणि पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात जाऊन 'मान्सून' होऊन परत आला. मालेगावातून वाहणारी आणि पुढे गिरणेला मिळणारी नदीही मोसम. नाव सारखं ऐकू आलं म्हणून नदीचं मूळ अरबीत शोधायला जाऊ नये. मोसंबी तर मोझांबिकहून आली, मोसमाशी तिचा काही संबंध नाही. याउलट, जिथे ध्वनी लांब गेलेला आहे तिथे नातं खरं निघतं. 'पाऊस' हा संस्कृत 'प्रावृष्'चा मुलगा, प्राकृतात 'पाउस' होऊन आलेला.

आणि 'वर्ष'. या शब्दाजवळ मी नेहमी रेंगाळतो. संस्कृतात 'वर्ष' म्हणजे पाऊस, आणि वर्ष म्हणजे साल. 'अब्द' म्हणजे पाणी देणारा, ढग, आणि अब्द म्हणजेही साल. कालगणना करायला या भूमीवरच्या माणसांना पावसापेक्षा भरवशाची दुसरी खूण मिळाली नाही. मराठीत अजून वडीलधारा माणूस म्हणतो, 'मी तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत.' नुसते उन्हाळे पाहिले असं कोणी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीवर वर्ष मोजायचं तीच दरवर्षी सारखी येत नाही, म्हणून मग भाषेला मागच्या सालांना नेमकी नावं द्यावी लागली. 'औंदा' म्हणजे यंदा. 'गुदस्ता' म्हणजे गेल्या साली, फारसी 'गुजश्ता'वरून, सरलेला. त्याहून जुने दोन मराठी शब्द 'पोर' आणि 'परार', संस्कृत 'परुत्' आणि 'परारि'चे वंशज: गेलं साल आणि त्याच्या आधीचं साल. औंदा असा, पोर तसा, परार तर काहीच नाही, अशी पावसाची तुलना या शब्दांनी व्हायची. लेकराला आपण पोर म्हणतो, तो शब्द वेगळ्या मुळाचा. तरी पेरूच्या कोळ्यांनी समुद्राच्या सालाला 'पोर' म्हणावं आणि मराठीत गेल्या सालाला 'पोर' म्हणावं, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

या बाळाला एक म्हाताराही होता, हे फार जणांना ठाऊक नाही. एल निनोच्या उलट अवस्थेला, जेव्हा पेरूकडचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं, काही काळ 'एल व्हिएहो' म्हणजे म्हातारा म्हणत. 'ला निना', मुलगी, हे नाव १९८५ च्या सुमारास शास्त्रज्ञ जॉर्ज फिलँडर यांनी रूढ केलं. इथे आपल्या शेतकऱ्याला कोणी परकं वाटणार नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू लागतं, त्या पावसाला तो 'तरणा पाऊस' म्हणतो. त्यामागून पुष्य, तो 'म्हातारा पाऊस'. पुढे मघांचा तो सासूंचा, पूर्वांचा तो सुनांचा, आणि हस्ताचा हत्तीचा. पायतातल्या कोळ्यानं जे केलं तेच येवल्याच्या शेतकऱ्यानं केलं. ज्याच्यावर पोट आहे आणि ज्याच्यावर आपली सत्ता चालत नाही, त्याला घरातलं माणूस करून घेतलं. घरातल्या माणसाशी रुसता येतं, त्याची वाट पाहता येते.

'एल निनो' हा शब्द मात्र आपल्याकडे घरातला होऊन आला नाही. तो बातमीतून आला, धमकीसारखा. मार्च-एप्रिलात कुठेतरी तापमान अर्ध्या अंशानं चढल्याची बातमी येते आणि इथे बी-बियाण्याच्या दुकानात चर्चा सुरू होते की औंदा काही खरं नाही. याची मला मनापासून काळजी वाटते. कारण एल निनो म्हणजे दुष्काळ नव्हे. २००९ मध्ये देशात पाऊस २२ टक्के कमी पडला, २०१५ मध्ये १४ टक्के. ती एल निनोची सालं. पण १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत बलवानांपैकी, आणि त्या साली देशाचा पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच पडला. आपल्या जवळचा समुद्र, हिंदी महासागर, त्या वर्षी मदतीला धावला होता. त्याच्या पश्चिम अंगाला पाणी तापलं, पूर्वेला गार झालं. या स्थितीला आता हिंदी महासागराचा 'द्विध्रुव' म्हणतात. १९९९ मध्ये तिची ओळख करून देणाऱ्या शास्त्रज्ञांत भू. ना. गोस्वामी होते, पुढे ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संचालक झाले. शब्द आला, त्याची भीती आली, आणि हा जवळचा समुद्र बातमीतून गळाला.

'अंदाज' या शब्दातच खरं तर सावधगिरी आहे. फारसीत त्याचं मूळ फेकण्याच्या क्रियेत. तीरंदाज म्हणजे बाण फेकणारा, गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा. अंदाज म्हणजे पुढच्या काळात टाकलेला एक खडा. 'सरासरी'ही फारसी, 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. देशाची पावसाळ्याची सरासरी ८७ सेंटीमीटर. आमच्या एका जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवल्याला पाचशेच्या आसपास. ८७ सेंटीमीटर पाऊस पडणारं गाव शोधायला गेलं तर वाटेत दोन्ही टोकं लागतील.

आपला पाऊस येतो नैर्ऋत्येकडून. ही दिशा निर्ऋतीची. वेदांत निर्ऋती ही विनाशाची, मोडून पडण्याची देवता. 'ऋत' म्हणजे सृष्टीची ठरलेली चाल, 'ऋतू' त्याच कुळातला, आणि ती चाल सुटली की निर्ऋती. ज्या कोपऱ्यातून आपला प्राण येतो त्या कोपऱ्याला हे नाव आहे.

पावसानं यायचं लांबवलं की आपण म्हणतो, त्यानं 'ओढ दिली'. मराठीतला हा मला सर्वांत जवळचा प्रयोग. माणसाला माणसाची ओढ लागते. पाऊस मात्र ओढ देतो, ताणून धरतो, आणि ती लागते आपल्याला. पोहणाऱ्यांच्या भाषेत ओढ म्हणजे पाण्याखालचा जोर. गोदाघाटावर लहानपणी पोहायला शिकवणारे काका सांगायचे, वरचं पाणी बघून उडी मारू नको, खालून ओढ आहे. सागरप्रवाह, दोलन, द्विध्रुव हे सगळे शब्द मी शिकलो, पण त्या दूरच्या समुद्रात काय होतं ते मला या एका शब्दानं कळलं. तिथे पाण्याची ओढ फिरते आणि इथे पाऊस ओढ देतो.

२०२३ च्या ऑगस्टात येवल्याकडचे माझे एक स्नेही रोज संध्याकाळी फोन करायचे. त्यांना मी एल निनोचा अर्थ सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, बाळ म्हनता होय. मंग त्याच्यावर राग तरी कसा काढायचा." आश्लेषा कोरड्या गेल्या, मघा कोरड्या गेल्या. सासूंनी ओढ दिली. सप्टेंबरचा पहिला आठवडा सरला आणि पूर्वांत पाऊस आला, गंगापूर धरणातून गोदेला पाणी सोडलं. ऑक्टोबर संपताना सरकारनं दुष्काळी तालुक्यांची यादी काढली, तीत मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. दिवाळीत ते भेटले. पावसाचं विचारलं तर म्हणाले, "सुनांचा पाऊस चांगला झाला, सर. पन मका तवर करपून गेला होता."